विमानाचा गेम

हिंजवडी फेज दोनमधल्या आमच्या ऑफिसात शुक्रवारी जेवणानंतरचा तास कुणी कुणाला फारसं छेडत नाही. अशाच एका दुपारी शेजारच्या पोरानं लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकला आणि त्यात 'ग्रेडियस' लावला. काळं आकाश, उजवीकडून डावीकडे सरकणारे तारे आणि डाव्या बाजूला एक चिमुकलं विमान. "सरक, हा माझा गेम आहे," म्हणत मी लॅपटॉप ओढून घेतला. पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन ज्वालामुखी येतात आणि तोंडातून दगड फेकत सुटतात. चौथीत असताना हा भाग मी शेजारच्या पोरांशी गप्पा मारत पार करायचो. त्या दुपारी तिथे तीनदा मेलो.

"दादा, नक्की खेळला होतात ना?" नांदेडहून नुकतीच रुजू झालेली आमची ज्युनिअर म्हणाली.

वय झालं, बोटं जड झाली, असं म्हणून विषय सोडता आला असता. पण एक गोष्ट खटकत होती. विमान, दगड, मागचं संगीत, सगळंच घाईत होतं. ओळखीच्या माणसानं ओळखीची गोष्ट भरभर सांगावी तसं. घरी जाताना बस वाकडच्या पुलाअलीकडे नेहमीप्रमाणे अर्धा तास उभी राहिली. त्या अर्ध्या तासात मी हाच विचार करत होतो, की म्हातारा मी झालोय की गेमच पळायला लागलाय?

आमच्याकडे, विट्याला, या गेमला ग्रेडियस कुणीच म्हणत नसे. तो 'विमानाचा'. मामांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेला करड्या प्लॅस्टिकचा डबा, त्याला वायरीनं जोडलेले दोन 'रिमोट', दहा मिनिटांत तापणारा अडॅप्टर आणि 'कॅसेट'. ती काही टेपची कॅसेट नव्हे. आत एक छोटी सर्किटपाटी आणि तिच्या काठावर साठ सोनेरी पट्ट्या. कॅसेट लागली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारत. फुंकरीनं प्रत्यक्षात काही होत नसे, उलट तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसे. काढून पुन्हा नीट बसवली म्हणून ती लागायची आणि श्रेय फुंकरीला जायचं. आमच्या गल्लीत एक हुशार दादा होता, तो पट्ट्यांवर खोडरबर घासायचा. तोच एकटा बरोबर होता.

कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे. खरे गेम मोजून पंधरा-वीस. त्यांचीच नावं बदलून, सुरुवातीचा टप्पा बदलून यादी लांबवलेली. तरी सुट्टीत आम्ही यादीच्या शेवटापर्यंत जायचो, कारण न जाणो, एखादा नवा असला तर.

हा डबा म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ला जपानात विक्रीला आला. ग्रेडियस मुळात कोनामी कंपनीचा, १९८५चा, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा गेम. कोनामीची सुरुवात १९६९ साली ओसाकाच्या बाजूला ज्यूकबॉक्सच्या धंद्यातून झाली. २५ एप्रिल १९८६ला ग्रेडियस फॅमिकॉमवर, म्हणजे घरच्या टीव्हीवर आला. हिंजवडीत तेव्हा उसाचे फड होते आणि आयटी पार्क यायला दशकभराहून जास्त अवकाश होता.

आता या यंत्राच्या पोटात काय होतं ते बघू. माझ्या पळत्या विमानाचा उलगडा तिथेच आहे.

मुख्य चिप सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांची. आजच्या साध्या फोनच्या मानानं हा वेग हजारांश भागाहूनही कमी. गेम चालवायला मेमरी २ किलोबाइट. देवनागरीतलं एक अक्षर-चिन्ह साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात, म्हणजे या लेखातला एक बऱ्यापैकी लांब परिच्छेद टाकला की ती मेमरी भरली. विमान कुठे आहे, किती गोळ्या हवेत आहेत, किती जीव उरले, शत्रू कुठल्या वाटेनं येतोय, या साऱ्याचा हिशेब एवढ्याशा जागेत. आणि ग्रेडियसची अख्खी कॅसेट ६४ किलोबाइटची. अर्धी जागा प्रोग्रॅमला, अर्धी चित्रांना. हा लेख साठवायला साधारण त्याच्या निम्मी जागा लागेल. आमच्या लॉगिनच्या पानावरचा कंपनीचा लोगो त्याहून मोठा आहे, हे मी मुद्दाम तपासून पाहिलं.

पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. एकेका ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायचा म्हटलं तर ही मेमरी कुठल्या कुठे संपते. म्हणून चित्र ठिपक्यांनी नव्हे, फरशांनी बनतं. आठ बाय आठ ठिपक्यांची एक फरशी, अशा आडव्या ३२ आणि उभ्या ३० फरशांची जमीन. डोंगराचा उतार, दगड, गवत, अशा मोजक्या फरशा कॅसेटमध्ये कोरलेल्या असतात, आणि यंत्र फक्त 'इथे अमुक नंबरची फरशी' एवढीच नोंद ठेवतं. नीट पाहिलं तर पहिल्या टप्प्यातले सगळे डोंगर त्याच पाच-सहा तुकड्यांचे आहेत हे कळतं. लहानपणी ते कळलं नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

मग जमीन सरकते कशी? यंत्राकडे एकाशेजारी एक अशा दोन पडद्यांपुरती नोंदवही असते. खिडकी त्या दोन पडद्यांवरून उजवीकडे सरकत जाते आणि शेवट आला की परत पहिल्यावर येते. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखं. वरची गाडगी पन्हाळीत ओतत असतात तेव्हा खालची पाण्यात भरत असतात. डावीकडे नजरेआड झालेली फरशांची उभी रांग पुसून तिथे पुढे येणारा डोंगर लिहायचा, आणि तो खिडकीत यायच्या आत लिहून संपवायचा. हे लिहायला वेळ कुठला? जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडदाभर ओळी ओढत खालपर्यंत येतो आणि पुन्हा वरच्या कोपऱ्यात जातो. त्या परतीच्या प्रवासात. तेवढ्या सवडीत चिपला सव्वादोन हजारांच्या आसपास ठोके मिळतात. तेवढ्यात नाही झालं, तर चित्र फाटतं.

जमिनीवर जे हलतं, विमान, गोळ्या, शत्रू, त्यांना स्प्राइट म्हणतात. पडद्यावर एका वेळी ६४, आणि एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त आठ. नववा आला तर यंत्र तो सरळ गाळतं, काढतच नाही. वाकडच्या पुलावर ही सोय असती तर मी रोज वेळेवर घरी पोचलो असतो. गाळलेली गोळी दिसत नाही, पण ती असते आणि तिनं मरताही येतं. त्यामुळे प्रोग्रॅमर लोक एक युक्ती करत. दर चित्रात स्प्राइटांचा क्रम बदलायचा, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळाच कुणीतरी गळतो. एकच गायब होण्याऐवजी सगळेच थोडे लुकलुकतात. गर्दीत विमान लुकलुकायचं तेव्हा आम्ही अडॅप्टरची पिन हलवायचो. गेमच्या निर्मात्यांनी विचारपूर्वक केलेल्या गोष्टीबद्दल आम्ही बिचाऱ्या पिनेला कित्येक वर्षं बोल लावला.

ग्रेडियसची खरी गंमत पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत आहे. काही शत्रूंना मारलं की एक लालसर गोळी सुटते. ती उचलली की पट्टीवरचा दिवा एक घर पुढे सरकतो: वेग, क्षेपणास्त्र, दुहेरी मारा, लेझर, 'ऑप्शन' आणि शेवटी ढाल. हवं ते घर आलं की दुसरं बटण दाबून ते विकत घ्यायचं. आत्ता वेग घ्यायचा की लेझरपर्यंत दम धरायचा? बचत करणाऱ्याला मोठी वस्तू मिळते, पण तोवर जगला तर. चौथीतल्या मुलांना भिशीचा हिशेब याहून चांगला कुणी शिकवला नसेल. आणि एकदा मेलं की सगळी मिळकत जाते, परत रिकाम्या हातानं, हळूबाई विमान घेऊन त्याच आगीत. या गेमचा हा दुष्टपणा मला आजही अक्षम्य वाटतो.

त्यातला 'ऑप्शन' म्हणजे विमानाच्या मागे फिरणारा चमकता गोळा. तो विमानाबरोबर गोळ्या झाडतो आणि त्याला कुणी मारू शकत नाही. आम्ही त्याला पिल्लू म्हणायचो. पिल्लाची चाल विलक्षण आहे. ते विमानाकडे झेपावत नाही. विमान ज्या वाटेनं गेलं नेमक्या त्याच वाटेनं काही पावलं मागून येतं. विमान थांबलं की तेही थांबतं. यामागे कसलीच हुशारी नाही. विमानाच्या गेल्या काही जागांची एक छोटी यादी ठेवायची, नवी जागा लिहायची, जुनी खोडायची, आणि पिल्लाला यादीतली काही घरं मागची जागा द्यायची. विमान हललं नाही तर यादीत काही लिहायचंच नाही. चार ओळींच्या या युक्तीनं केवढं जिवंत काहीतरी तयार होतं! मूळ मोठ्या यंत्रावर अशी चार पिल्लं मिळत. फॅमिकॉमवर दोनच. प्रत्येक पिल्लू स्वतःच्या गोळ्याही झाडणार, आणि एका ओळीत आठाची मर्यादा कायम.

घरच्या यंत्रासाठी हा गेम उतरवणाऱ्यांमध्ये काझुहिसा हाशिमोतो होते. गेम तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि त्यांना तो फार कठीण जाई. म्हणून त्यांनी एक गुपित बटणक्रम घातला, ज्यानं जवळजवळ सगळी शस्त्रं एकदम मिळतात: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो तसाच कॅसेटमध्ये राहून गेला. पुढे 'कॉन्ट्रा' या गेमच्या १९८८च्या घरगुती आवृत्तीत त्याच क्रमानं तीस जीव मिळू लागले आणि तो जगभर 'कोनामी कोड' म्हणून पसरला. विट्यात तो आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता, पण फक्त कॉन्ट्रासाठी. विमानाच्या गेममध्येही तो चालतो, किंबहुना तो तिथलाच आहे, हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. हाशिमोतो २०२०च्या फेब्रुवारीत गेले.

तर, वेग. आजचा गेम घड्याळ बघतो. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजतो आणि विमान तेवढं पुढे सरकवतो. त्या काळच्या चिपला ही चैन परवडत नव्हती. तिथे नियम साधा: एक चित्र, एक पाऊल. टीव्हीनं एक चित्र ओढलं की विमान ठरलेले ठिपके पुढे, गोळी ठरलेले ठिपके पुढे, संगीताची एक मात्रा पुढे. वारीत दिंडी टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकते तसं. ठेका संथ झाला तर अख्खी दिंडी संथ होते आणि कुणाचंच पाऊल चुकत नाही.

या जातीच्या खेळांत वेग यंत्रच ठरवतं ही गोष्ट ग्रेडियसहून जुनी आहे. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले पळू लागतात. शत्रू कमी झाले की यंत्राला काढायची चित्रं कमी, म्हणून ते आपोआप भरभर. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि त्यातून खेळाला चढत जाणारा ताण मिळाला.

आता टाळाचा ठेका कोण देतं? टीव्ही. जपाननं अमेरिकी पद्धत घेतली होती, सेकंदाला ६० चित्रं. भारतानं युरोपातली ६२५ ओळींची, सेकंदाला ५० चित्रांची पद्धत घेतली. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते त्याच पद्धतीनं. हे ५० आणि ६० आकडे मुळात विजेच्या तारांतून आले आहेत. सुरुवातीच्या काळात टीव्हीचा ठेका घरातल्या विजेच्या ठेक्याशी जुळवून ठेवत, नाहीतर पडद्यावर सरकते पट्टे दिसत. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, युरोपची आणि आपली ५०. जपानची गंमत अशी, की तिथे टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०, कारण एकाकडे जर्मनीची जनित्रं आली आणि दुसरीकडे अमेरिकेची. टीव्ही मात्र सगळीकडे ६०चाच.

लोडशेडिंगनं गेम बंद पडतो हे आम्हाला चांगलंच माहीत होतं. वीज असतानाही आमच्या विमानाचा वेग एमएसईबीच्या तारांतल्या आकड्याशी नातं सांगत होता, हे माहीत नव्हतं.

आपल्यासारख्या देशांत खपवायच्या नकली यंत्रांसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीनं फॅमिकॉमच्या चिपांच्या खास नकला काढल्या. रशियात १९९२च्या अखेरीपासून 'डेंडी' या नावानं खपलेला डबा याच घडणीचा, आणि आपल्याकडच्या टीव्हीला जोडले जाणारे बहुतेक डबेही त्याच जातीचे. या चिपा सेकंदाला ५० चित्रं काढतात, पण गेम मात्र जपानी, ६०साठी लिहिलेला. म्हणजे विट्यातलं विमान मूळ विमानापेक्षा एक षष्ठांश हळू उडत होतं. समजा, एक गोळी दर चित्राला दोन ठिपके सरकते. पडदा ओलांडायला तिला १२८ चित्रं लागतील. जपानात २.१३ सेकंद, विट्यात २.५६. फरक फार वाटत नाही, पण डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला पाव सेकंद लागतो. आम्हाला प्रत्येक गोळीमागे त्याच्या दीडपटीहून जास्त वेळ फुकट मिळत होता.

आणि आम्हाला हे कधीच जाणवलं नाही, कारण सगळंच एकत्र हळू होतं. संगीतही. गाण्यातल्या माणसाला यातली खुबी आवडेल: चिपचा स्वतःचा ठोका जवळपास तोच असल्यानं सूर फार तर एक टक्का उतरतो, लय मात्र विलंबित होते. टेप हळू चालली की आवाज भसाडा होतो तसं इथे होत नाही. गाणं सुरातच राहतं. संशय यावा कुठून?

याला आणखी एक शेपूट आहे. दोन चित्रांमधल्या वेळात जपानी यंत्राच्या चिपला सुमारे २९ हजार ८०० ठोके मिळतात. आमच्या नकलेत चित्रं कमी, म्हणून प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे साडेपस्तीस हजार. ज्वालामुखी भडकला आणि दोन्ही पिल्लं झाडत सुटली की मूळ यंत्राचं काम वेळेत संपत नाही, मग एक ठेका चुकतो आणि सगळं अडखळत चालतं. आमच्याकडे चिपला जास्त सवड होती, म्हणून तिथे अडखळणं कमी. बुधवार पेठेतला स्वस्तातला डबा या एका बाबतीत तरी मूळ यंत्राला सरस होता, हे लिहिताना मला बरं वाटतंय.

पुढच्या शुक्रवारी जेवण लवकर उरकलं. एम्युलेटरच्या मेनूत यंत्राचा प्रांत निवडायची सोय असते: अमेरिका-जपान, युरोप, आणि त्याखाली चक्क 'डेंडी'. तिसरा पर्याय निवडला आणि गेम पहिल्यापासून लावला. पहिल्या चार मात्रांतच ओळख पटली; गाणं विट्याच्या लयीत वाजत होतं. दोन्ही पिल्लं घेतली, लेझर घेतला. ज्वालामुखी आले तेव्हा मी नांदेडच्या पोरीला खोडरबरची गोष्ट सांगत होतो. ती ऐकत नव्हती, पडद्याकडे बघत होती. दगड वरून कुठे पडणार हे बोटांना माझ्याआधी ठाऊक होतं.

"हं," ती म्हणाली. "खेळला होतात."

मग दुसरा टप्पाही सरला आणि तिसऱ्यात तोंडातून कडी सोडणारे मोआईंचे दगडी चेहरे आले. तिथे मेलो. तिथे लहानपणीही मरायचो.